मागच्या रांगेतील वादक



सुरतेत लग्नसराईच्या दिवसांत लिंबायत, उधना किंवा पांडेसरा या भागांतून सायंकाळी एक फेरफटका मारावा. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागावर आणि साड्यांच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांत कामाला आलेली खानदेशी कुटुंबे येथे दाट वस्ती करून राहिली आहेत. एखादी वरात समोरून येते. गाडीवर भोंगे रचलेले असतात, बेंजोवाला तारांवर बोटे नाचवीत असतो, कोणी कीबोर्ड वाजवितो आणि गाणे चाललेले असते अहिराणीतले. त्या गाण्याची चाल कित्येकदा हळदीच्या किंवा जात्यावरच्या जुन्या गाण्याची असते. आणि या सगळ्या कल्लोळाच्या तळाशी एक खर्ज घुमत असतो. तो कानाला ऐकू येण्यापूर्वी छातीला जाणवतो. तरुण मंडळी त्याच्यावर पाय टाकतात, तर म्हातारी माणसे खिडकी लावून घेतात आणि म्हणतात, आमच्या आयाबायांच्या गाण्याची ही काय दशा केली!

हा तंटा एकट्या सुरतेचा नाही. पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वी तो इंग्लंडात अगदी याच शब्दांत झाला. आणि गंमत अशी, की त्याच्या केंद्रस्थानी जो मनुष्य उभा होता तो गायकही नव्हता, कवीही नव्हता. तो वाजवीत होता तो हाच खर्ज. त्याचे नाव ॲशली हचिंग्ज. आजचे माझे भाषण त्यांच्याविषयी आहे.

प्रथम त्या वाद्याविषयी थोडेसे सांगावयास हवे. बेस गिटार हे चार जाड तारांचे वाद्य असून त्याचे स्वर साध्या गिटारीपेक्षा एक सप्तक खालचे असतात. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी अशी गिटार बाजारात आणली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पाश्चात्त्य तरुणांच्या प्रत्येक वाद्यवृंदात तिला जागा मिळाली. जागा मिळाली खरी, पण मागच्या रांगेत. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे तुणतुणेवाला उभा असतो. त्याच्याकडे पाहावयास कोणी आलेले नसते. पण त्याची तार क्षणभर थांबली तर शाहिराचा आवाज अधांतरी लोंबकळू लागतो. बेसवाल्याचे काम पुष्कळसे तसेच आहे. फरक इतकाच, की तुणतुणे एकच स्वर धरून राहते आणि बेस आपला स्वर बदलीत जातो. आपल्या संगीतात षड्ज अढळ असतो, म्हणून यातील मर्म आपल्या कानांस लवकर उमगत नाही. वरचा गळा एकच स्वर लांबवीत असताना खालचा आधारस्वर बदलला, तर तोच वरचा स्वर कधी प्रसन्न वाटतो, कधी उदास. याचा अर्थ असा, की गाणारा पुढे उभा राहून गातो हे खरे. पण गाणे कोणत्या अंगणात उतरावयाचे हे मागे उभा असलेला बेसवाला ठरवितो. हचिंग्ज यांचे सारे आयुष्य मला या एका गोष्टीचा विस्तार वाटत आले आहे.

त्यांचा जन्म 26 जानेवारी 1945 चा, उत्तर लंडनमधील साउथगेटचा. तारुण्य गेले जवळच्याच मझवेल हिल या उपनगरात. हे कारखानदारांचे किंवा शेतकऱ्यांचे गाव नव्हे. नीटनेटक्या घरांचे, नोकरदारांचे उपनगर. लोकगीताचा तेथे मागमूसही नव्हता. तेथील फॉर्टिस ग्रीन रस्त्यावर सायमन निकोल या मुलाच्या घराचे नाव होते ‘फेअरपोर्ट’. त्या घरात पोरे तालमीला जमत, म्हणून वाद्यवृंदाचे नाव पडले ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’. निकोल, रिचर्ड टॉम्प्सन आणि हचिंग्ज ही त्यातील मुख्य मंडळी. पहिला कार्यक्रम झाला 27 मे 1967 रोजी, गोल्डर्स ग्रीन येथील एका चर्चच्या सभागृहात. त्यानंतर लगोलग मार्टिन लॅम्बल हा कोवळा तरुण ड्रमवादक म्हणून आला. त्यांची गाणी होती अमेरिकेतली, बॉब डिलन यांची आणि त्यांच्या पंथातील इतरांची. सारे जग त्या वेळी अमेरिकेकडे कान लावून बसले होते, हेही बसले. त्यात हचिंग्ज वयाने थोरले, बावीस वर्षांचे. चिठ्ठ्याचपाट्या करणे, माणसे जमविणे, आता पुढे काय वाजवावयाचे याचा विचार करणे हे त्यांच्याकडे आपोआप आले. पुढे त्यांना ‘गव्हनर’, म्हणजे आपल्या भाषेत ‘मालक’, हे टोपणनाव पडले. त्याचे मूळ या जुन्या सवयीतच असावे.

1968 साली सँडी डेनी ही गायिका त्यांना येऊन मिळाली. ती लोकगीतांच्या क्लबांतून गाणारी. लंडनमध्ये दारूच्या गुत्त्यांच्या मागल्या खोल्यांत असे क्लब भरत. तेथे विजेचे वाद्य म्हणजे अब्रह्मण्यम्! तिच्या तोंडी जुनी गाणी होती. त्यांतले एक, खलाशाच्या जीवनावरचे, तिने या मंडळींना ऐकविले. समुद्रावर गेलेल्या प्रियकराला शोधीत निघालेली मुलगी, आणि शेवटी कळते ते त्याचे बुडून मरण. आपल्या सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात 1612 पासून इंग्रजांची जहाजे नांगर टाकू लागली आणि पुढच्याच वर्षी येथे त्यांची वखार झाली, हे शाळेत आपण सर्वांनी पाठ केले. त्या जहाजांवरून येणाऱ्या साध्या खलाशांच्या बायकामुली मागे राहून काय गात असतील, याची कल्पना मात्र इतिहासाच्या पुस्तकातून येत नाही. ती अशा गाण्यातून येते. फेअरपोर्टने हे गाणे 1969 च्या आरंभी ध्वनिमुद्रित केले. पाहुणे म्हणून डेव्ह स्वॉरब्रिक हे लोकसंगीतातले नामांकित फिडलवादक आले होते. सगळ्यांनी एकत्र उभे राहून एकाच दमात ते वाजविले आणि ते अकरा मिनिटे चालले. लॅम्बलचा ताल त्यात लाटेसारखा चढतो आणि उतरतो. हचिंग्ज यांचा बेस प्रथम एका स्वरावर जहाजासारखा डोलत राहतो आणि मग हळूहळू वाट काढीत निघतो. इंग्लंडच्या जुन्या गाण्याला विजेच्या वाद्यांचा संसार मानवतो, हे त्या दिवशी प्रथम सिद्ध झाले, असे पुढे मानले गेले.

ते गाणे लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच घात झाला. 12 मे 1969 च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून मंडळी मोटारीने लंडनकडे परतत होती. महामार्गावर गाडी उलटली. मार्टिन लॅम्बल त्यात गेला. त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे. टॉम्प्सन यांची मैत्रीणही गेली. हचिंग्ज यांना गंभीर दुखापत होऊन रुग्णालयात पडून राहावे लागले.

वाद्यवृंद मोडावा की चालवावा, हा प्रश्न उभा राहिला. चालवावयाचा असे ठरले. पण जुनी गाणी त्यांच्याने वाजवेनात. प्रत्येक गाण्यात लॅम्बलचा हात होता. ज्याने चार माणसांत बसून संगीत केले आहे, त्याला ही अडचण समजेल. तबलजी गेला तर त्याच्या जागी दुसरा तबलजी बसतो. पण त्याच्याबरोबर बसविलेली बंदिश त्याच्या वाचून वाजवावी, तर मधल्या मोकळ्या जागा अंगावर येतात. नवे काही हवे होते, आणि ते असे हवे होते, की ज्यात मेलेल्या मित्राची आठवण पावलोपावली आडवी येणार नाही. विशी-पंचविशीतल्या या मुलांना ते सापडले चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या गाण्यांत! त्या उन्हाळ्यात हॅम्पशर परगण्यातल्या फार्ली चेंबरलेन नावाच्या खेड्यात एक जुने घर भाड्याने घेऊन ती राहू लागली. स्वॉरब्रिक कायमचे येऊन मिळाले. ड्रम्सवर डेव्ह मॅटॅक्स हे नाचाच्या वाद्यवृंदांत वाजविणारे गृहस्थ आले. आणि हचिंग्ज, ज्यांचे हाड नुकतेच जुळू लागले होते, ते लंडनमधील एका इमारतीच्या फेऱ्या घालू लागले. ती इमारत म्हणजे सेसिल शार्प हाउस.

येथे क्षणभर मूळ कथा सोडून सेसिल शार्प यांच्याकडे वळतो; कारण त्यांच्यावाचून हचिंग्ज कळावयाचे नाहीत. शार्प यांचा काळ 1859 ते 1924. हे व्यवसायाने संगीतशिक्षक. 1899 च्या नाताळात, 26 डिसेंबर रोजी, ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथे ते सासुरवाडीस असताना दारापुढे सहा-आठ माणसे नाचू लागली. पांढरे कपडे, पोटरीला घुंगरे, हातात रुमाल. या नाचाला मॉरिस म्हणतात. आपली लेझीम आणि गुजरातेतला दांडिया या दोहोंचे काही नाते त्यात शोधता येईल. बरोबर विल्यम किंबर नावाचा तरुण हातात धरावयाच्या छोट्या पेटीवर साथ करीत होता. हा पेशाने गवंडी. थंडीने बांधकाम बंद पडलेले, म्हणून चार पैसे मिळविण्यासाठी ही मंडळी हंगाम नसता नाचावयास निघालेली! शार्प यांनी दुसऱ्याच दिवशी किंबरला बोलावून घेऊन त्या चाली लिहून घेतल्या. पुढे 1903 साली सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज येथे पाद्रीबुवांच्या बागेत गवत कापणारा माळी गुणगुणत असताना शार्प यांनी त्याचे गाणे टिपले, आणि तेथून खेडोपाडी हिंडून त्यांनी हजारो गाणी गोळा केली. 1930 साली त्यांच्या नावाने उघडलेल्या इमारतीत तो संग्रह आणि त्याच्या भोवती वाढलेले ग्रंथालय आहे.

आपल्याकडे असे काम झाले नाही असे मुळीच नाही. साने गुरुजींनी बायांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी आयुष्ये वेचली. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो साठा केला त्याची संख्या लाखाच्या वर जाते. शेजारी सौराष्ट्रात झवेरचंद मेघाणी यांनी वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. आणि आमच्या खानदेशची बहिणाबाई चौधरी, जिला अक्षरओळख नव्हती, तिची गाणी तिच्या मुलाने लिहून ठेविली नसती तर ती आज आपल्याला कोठून मिळती? 1952 साली ती ग्रंथरूपाने आली, तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आले होते. संग्रहाच्या बाबतीत आपण कोणाला हार जाणारे नाही. प्रश्न आहे तो संग्रहाच्या कपाटाची किल्ली वाजविणाऱ्या पोरांच्या हाती कधी पडली, याचा.

हचिंग्ज यांनी ती किल्ली मागून घेतली. ग्रंथालयात बसून त्यांनी एकेका गाण्याचे पाच-पाच, दहा-दहा पाठ वाचले. येथील एक कडवे, तेथील दुसरे असे निवडून गाणे जुळविले. आणि चालींचा अभ्यास केला. या चालींची एक गंमत आपल्या श्रोत्यांना सांगण्यासारखी आहे. युरोपच्या शिष्ट संगीताने गेल्या तीनशे वर्षांत दोनच स्वरमालिका मुख्य मानल्या, परंतु खेड्यातला म्हातारा त्यांच्या पलीकडच्या जुन्या मालिकांत गात राहिला. त्यांतील एक आपल्या काफी थाटाशी तंतोतंत जुळते, दुसरी खमाजाशी. अशा चालीला शिष्ट पद्धतीचा आधारस्वर लावला, की ती बिघडते. सुती लुगड्याला जरीचा काठ शिवल्यासारखे होते. म्हणून बेसवाल्याची येथे खरी कसोटी. हचिंग्ज यांनी पुष्कळ ठिकाणी आधार बदललाच नाही. एका स्वरावर ठाण मांडून राहिले, जवळजवळ आपल्या तंबोऱ्यासारखे. अन्य ठिकाणी बेस गाण्याच्या चालीबरोबरच पाऊल टाकीत चालतो. चमत्कृती दाखविण्याचा मोह त्यांनी आवरला, हे मी त्यांचे मोठे श्रेय समजतो. ज्याला बेसवर करामती ऐकावयाच्या असतील त्याने दुसऱ्या कोणाकडे जावे.

‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका डिसेंबर 1969 मध्ये बाहेर पडली. पऱ्यांच्या राणीच्या कैदेत पडलेल्या तरुणाची कथा तीत आहे, मालकिणीबरोबर पकडलेल्या चाकराचा खून आहे, फौजेतून पळालेला शिपाई आहे. सरदारवाडे, शिरच्छेद, शाप. आणि खाली विजेचा गडगडाट. लोकगीतांच्या क्लबांतील सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली. 2006 साली बी.बी.सी. च्या श्रोत्यांनी मात्र तिला लोकसंगीतातील आजवरची सर्वांत प्रभावी ध्वनिमुद्रिका ठरविले.

परंतु ती बाजारात आली तेव्हा हचिंग्ज त्या वाद्यवृंदात नव्हते! नोव्हेंबरातच ते बाहेर पडले होते. सँडी डेनी हिला स्वतःची नवी गाणी रचावयाची होती, म्हणून ती गेली. हचिंग्ज यांना नवी गाणी नकोच होती, जुन्यात आणखी खोल उतरावयाचे होते, म्हणून ते गेले. एकाच महिन्यात दोघे दोन उलट दिशांनी निघाले. यश दाराशी आले असताना मनुष्य मागील दाराने का निघून जातो, याची पुष्कळ कारणे दिली गेली आहेत. अपघाताचा मनावरचा आघात अद्याप ओसरला नव्हता, हेही त्यांतील एक. मला वाटते, ग्रंथालयाच्या त्या खोलीत त्यांना जे गवसले होते, ते इतरांस गवसले नव्हते.

त्यांनी लगेच दुसरा वाद्यवृंद उभा केला. नाव ‘स्टीलआय स्पॅन’. हे एका जुन्या लिंकनशर गाण्यातील पात्राचे नाव, सुचविले मार्टिन कार्थी यांनी. पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर दोघेजण सोडून गेले, तेव्हा कार्थी स्वतःच आत आले. कार्थी म्हणजे लोकगीतगायकांतील मानकरी. त्यांनी हातात विजेची गिटार धरावी हे त्यांच्या भक्तांना कीर्तनकाराने तमाशात उभे राहावे तसे वाटले असावे. मॅडी प्रायर आणि टिम हार्ट गाणारे, पीटर नाइट फिडलवर; आणि ड्रमवाला नाही. 1971 सालच्या ‘प्लीज टू सी द किंग’ या ध्वनिमुद्रिकेत ड्रम कोठेच नाही, आणि तरीही ताल क्षणभर सुटत नाही. तो धरून ठेवला आहे हचिंग्ज यांच्या चार तारांनी. माझ्या मते, बेसवादक म्हणून त्यांचे हे सर्वांत मोठे काम. ऐकणाऱ्याला प्रथम गळे ऐकू येतात, मग तारा, मग फिडल. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ध्यानात येते, की सगळ्यांचे पाय एकाच जमिनीवर आहेत.

तेथूनही ते वर्ष-दोन वर्षांत निघाले. याच स्टीलआय स्पॅनची एक तबकडी 1975 साली विलायतेतील खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली. हचिंग्ज तेव्हा तेथे असते तर बरेच पैसे मिळवते. परंतु त्यांना आयरिश वळणाचे गाणे नको होते, स्कॉटिश नको होते. हवे होते निखळ इंग्लंडचे, तेही दक्षिण इंग्लंडच्या शेतकऱ्याचे. 1971 साली शर्ली कॉलिन्स या गायिकेशी त्यांचा विवाह झाला. ससेक्सची ही बाई. गळ्यात अलंकार नाही, आवाजात नाटक नाही. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई गाईल तसे सरळ गाणे. तिच्यासाठी त्यांनी ‘नो रोझेस’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली आणि त्यासाठी पंचविसांहून अधिक वादक-गायक जमविले. त्यांचे नाव ‘ॲल्बियन कंट्री बँड’. ॲल्बियन हे ब्रिटनचे प्राचीन नाव. हे नाव पुढे तीस वर्षे निरनिराळ्या रूपांत हचिंग्ज यांच्याबरोबर राहिले. त्यात किती माणसे आली आणि गेली याची मोजदाद करू नये. 1974 च्या वीजटंचाईच्या दिवसांत तर या पतिपत्नींनी एचिंगम येथील आपल्या गावाच्या नावाने विजेवाचून वाजविणारा एक वाद्यवृंदही चालविला, त्याला त्यांनी थट्टेने ‘स्टीम बँड’ म्हटले. दशक सरता सरता त्यांचा विवाह मोडला. कॉलिन्सबाईंचा गळाही त्यानंतर मिटला तो मिटलाच; 2016 साली वयाच्या ऐंशी वर्षांनंतर त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. त्या दोघांच्या संसाराविषयी बोलण्याचा आपणांस अधिकार नाही. पण त्या बाईंच्या ‘नो रोझेस’मधील गायनाला हचिंग्ज यांच्या खर्जाने जो आधार दिला तो आजही जसाच्या तसा ऐकू येतो.

1972 साली त्यांनी ‘मॉरिस ऑन’ काढली. तीत टॉम्प्सन, मॅटॅक्स, जॉन कर्कपॅट्रिक हे पेटीवादक आणि बॅरी ड्रान्सफील्ड. किंबर गवंड्याच्या अंगणातला मॉरिस नाच येथे बेस आणि ड्रम्सवर चढविला होता. हा नाच त्या वेळी इंग्लंडात चेष्टेचा विषय होता. दाढीवाल्या शाळामास्तरांचा रविवारचा उद्योग, अशी त्याची प्रतिष्ठा. ही ध्वनिमुद्रिका ऐकून पुष्कळ तरुणांनी पायांत घुंगरे बांधली.

आता मूळ तंट्याकडे येतो. जुन्या गाण्याला विजेची वाद्ये लावणे हे भ्रष्टीकरण आहे काय? विरोध करणारे सेसिल शार्प यांचे नाव घेत. परंतु शार्प यांनी स्वतः काय केले? माळ्याने नुसत्या गळ्याने गायलेल्या गाण्याला त्यांनी पियानोची साथ लिहून छापले, कारण त्या काळच्या मध्यमवर्गीय इंग्रज घरात पियानो होता. शब्द शाळेत शिकविण्यास अडचणीचे वाटले, तेव्हा तेही सौम्य केले. ज्या घरात गाणे न्यावयाचे त्या घरातील वाद्य त्यांनी वापरले, एवढाच त्याचा अर्थ. हचिंग्ज यांच्या पिढीच्या घरात पियानो नव्हता, गिटार होती. मग दोष वाद्याचा कसा? मला तर दोष वाद्यात दिसतच नाही. दोष असला तर तो घाईत असतो. एखाद्या ओवीचे एक कडवे उचलावयाचे, तिच्या पाठीमागे कोणत्याही गाण्याला चालेल असा ठोका लावावयाचा आणि वरातीत सोडून द्यावयाचे, हे जे लिंबायतच्या रस्त्यावर कित्येकदा होते, त्यात वीज आहे म्हणून वाईट वाटत नाही. ज्या बाईने ती ओवी रचली तिची उरलेली कडवी कोणी विचारली नाहीत, याचे वाईट वाटते. खिडकी लावून घेणाऱ्या आजीबाईंना ती कडवी येत असतात. त्या वरातीतला बेसवाला वर जाऊन त्यांना विचारू शकतो.

हचिंग्ज यांनी पुढे रंगभूमीचाही आश्रय घेतला, आणि तो विभाग विस्ताराने सांगण्यासारखा आहे. पण वेळेच्या अभावी एकच सांगतो. 1978 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ‘लार्क राइज’ हे नाटक झाले. फ्लोरा टॉम्प्सन यांच्या खेड्यातील बालपणाच्या आठवणींवरून कीथ ड्यूहर्स्ट यांनी ते लिहिले, बिल ब्रायडन यांनी बसविले. प्रेक्षागृहातील खुर्च्या काढून टाकलेल्या. प्रेक्षक उभे, नट त्यांच्यातूनच वाट काढीत येतात, आणि ॲल्बियन बँड तेथेच बाजूला वाजवीत आहे. म्हणजे गावच्या जत्रेतील तमाशा म्हणा ना! शेतमजुराचे गाणे देशाच्या सरकारी रंगमंदिरात शिरले, ते याप्रमाणे हातात बेस घेऊन.

त्यानंतरच्या दशकात त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. सेसिल शार्प यांच्या जीवनावर ते एकपात्री कार्यक्रम करू लागले; शार्प यांचे बोलणे, त्यांनी जमविलेली गाणी, त्यांच्या भेटीगाठी. ज्या माणसाच्या कपाटाची किल्ली त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी मागितली होती, त्याचीच भूमिका घेऊन ते गावोगाव हिंडले. हे एका दृष्टीने ऋण फेडणे होते. 2015 साली ब्रिटनच्या राणीने लोकसंगीताच्या सेवेबद्दल त्यांस एम.बी.ई. हा किताब दिला.

मला स्वतःला त्याहून मोठी वाटते ती 2007 सालची एक घटना. ऑक्सफर्डशरमधील क्रॉप्रेडी या खेड्यात फेअरपोर्टची वार्षिक जत्रा भरते. उघड्या माळावर हजारो माणसे जमतात. त्या ऑगस्टमध्ये ‘लीज अँड लीफ’ची सर्व गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावयाचे ठरले. टॉम्प्सन आले, निकोल आले, स्वॉरब्रिक आले, मॅटॅक्स आले. सँडी डेनी 1978 सालीच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेली होती. तिची गाणी क्रिस व्हाइल या गायिकेने गायिली. अडतीस वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रिका निघण्याची वाट न पाहता निघून गेलेले हचिंग्ज त्या रात्री परत आले होते. बासष्ट वर्षांचे वय. पुढे गाणारी बाई, तिच्या बाजूला गिटार आणि फिडल. आणि ड्रम्सजवळ बेस घेऊन ते.